दोनशे बारा सकाळी

युएश्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत हिरव्या पिठात बुडालेले होते, म्हणून ते घडलं. कबरी झाडायच्या सणाचा आदला दिवस होता आणि रुइछिन दरवर्षीसारखी धाकट्या बहिणीकडे यीलानला आली होती. स्वयंपाकघरात वाफ भरली होती. वाटलेल्या पाल्याचा दवण्यासारखा उग्र वास भिंतींना चिकटला होता, आणि आतल्या खोलीत युएश्याची सासू एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती: "गाय बांधली का? गाय बांधली का गं?" या घरात चाळीस वर्षांत गाय नव्हती. "बांधली, बांधली," असं युएश्या न वळता ओरडली आणि मग कोपराने टेबलावरचा फोन पुढे ढकलत म्हणाली, "ताई, तो बाळाचा फोटो बघ ना, मिन्चीने कालच पाठवलाय. उघड. चार वेळा शून्य." रुइछिनने फोन उघडला. नावांची रांग खाली सरकली. भाची मिन्ची, वाणी, औषधवाला, आणि त्यांच्या खाली 'ताई'. नावाला लागून एक बारीक करडी घंटा होती आणि तिच्यावर तिरकी रेघ मारलेली होती. उजव्या टोकाला न वाचलेल्या निरोपांचा आकडा होता. दोनशे बारा.

"सापडला का?"

"सापडला," रुइछिन म्हणाली. तिने बाळाचा फोटो मोठा केला. "गोड आहे गं. कान मात्र तुझ्या नवऱ्यावर गेलेत."

"कान जाऊ देत. डोकं नाही गेलं म्हणजे मिळवली."

दोघी हसल्या. आपण त्या वेळी खरोखर हसलो होतो याचं तिला नंतर फार नवल वाटत राहिलं. हसून तिने फोन पालथा ठेवला, पाटाजवळ बसली आणि उंडे वळायला घेतले. दुसऱ्या दिवशी आईवडलांच्या कबरीवरचं गवत काढलं, उदबत्त्या लावल्या, कागद जाळले. तरी रेघ मारलेली ती घंटा डोळ्यात कुसळ गेल्यासारखी टोचत होती. डोळा उघडा असो की मिटलेला, ती होतीच.

परतीच्या गाडीत तिला समुद्राच्या बाजूची जागा मिळाली होती. बोगदा आला की काचेत तिचा चेहरा यायचा, बोगदा संपला की समुद्र यायचा, आणि दोन्ही तिला सारखेच परके वाटत होते. खरं म्हणजे कळायचं काय राहिलं होतं? ती रोज सकाळी पाठवायची त्या चित्राखाली 'वाचलं' हा शब्द उमटायचा. मुलाच्या चित्राखाली उमटायचा, पोस्टातल्या जुन्या मैत्रिणींच्या गटात उमटायचा, नुसता युएश्याच्या चित्राखाली गेले कितीतरी महिने उमटलेला नव्हता. तिचा फोन जुना आहे, असं रुइछिनने स्वतःला सांगितलं होतं. वरच्या वर बघत असेल, सगळ्यांना कुठे उघडायला वेळ असतो. माणसाला स्वतःची समजूत घालता येते, रोज थोडी थोडी घालता येते, आणि तिची सवयही होते. पण ती घंटा आपोआप गप्प झालेली नव्हती. कधीतरी, कुठल्यातरी सकाळी, युएश्याने अंगठा तिच्या नावावर दाबून धरला होता आणि समोर आलेल्या यादीतून 'आवाज बंद' निवडलं होतं. त्या वेळी तिचा चेहरा कसा होता? वैतागलेला? की भाजी निवडताना असतो तसा, काहीच नसलेला? रुइछिनने एकतीस वर्षं हुआल्येनच्या पोस्टात खिडकीवर काम केलं होतं. पत्ता चुकला तर पत्र परत यायचं. माणूस गेलेला असला तर परत यायचं, घ्यायला नकार दिला तरी परत यायचं, आणि का परत आलं ते शिक्क्यावर लिहिलेलं असायचं. परत आलेलं पत्र घ्यायला येणारी माणसं तिने खूप पाहिली होती. त्यांच्या हातात निदान काहीतरी असायचं. तिच्या दोनशे बारा सकाळी कुठून परत आल्या नव्हत्या, कुठे पोचल्याही नव्हत्या.

फोटो पाठवायच्या या सकाळी सुरू झाल्या तीन वर्षांपूर्वी, तिचा नवरा थ्येनफू गेला तेव्हापासून. थ्येनफू संगमरवराचे ठोकळे ट्रकमधून वाहायचा. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या कड्याच्या रस्त्याने तो उत्तरेला जायचा, आणि मोबाईल नव्हते त्या काळी पोचला की घरच्या फोनवर दोनदा घंटा देऊन ठेवून द्यायचा. उचलायचं नाही असं ठरलेलं होतं. बोलणं असं नसायचंच. घरात असला तरी तो कुठे बोलायचा! पण त्या दोन घंटा झाल्या की ती पोराला दूध द्यायची, दार लावायची, आणि घर जागेवर बसायचं. पुढे दगडाची भुकटी त्याच्या छातीत बसली. तो गेला आणि पंधरा दिवसांनी मुलगा, पोयेन, शिन्चूला कामावर परत निघाला. चिप बनवायच्या कारखान्यात पाळीची नोकरी, तिथल्या आतल्या खोल्यांत फोन न्यायला बंदी. जाताना त्याने तिच्या नव्या फोनमधे ते सगळं भरून दिलं. "आई, रोज सकाळी एक फोटो टाकत जा. काही लिहू नकोस वाटलं तर. फोटो आला की मला कळेल तू ठीक आहेस."

म्हणून तिने टाकला. पहिला फोटो गॅलरीतल्या मोगऱ्याचा होता. मग त्यावर अक्षरं कशी लिहायची ते पोस्टातल्या मैत्रिणीने शिकवलं आणि ती रोज पाच वाजता उठून फूल, ढग, बंदरातली बोट असं काहीतरी शोधू लागली. त्यावर गुलाबी अक्षरांत 'शुभ सकाळ', खाली एखादं वाक्य. 'आज पाठ ताठ ठेवा.' 'गरम पाणी प्या.' एकाचे दोघे झाले, दोघांचे अकरा, वर तो एकतीस जणांचा गट. पाठवून झालं की ती फोन हातात धरून बसायची. 'वाचलं'. 'वाचलं'. कुणीतरी नमस्काराचे हात पाठवायचं, कुणी नाचणारं अस्वल. पेज गार व्हायची. अलीकडे ती दुपारीही बघू लागली होती, बसच्या रांगेत, संडासात, रात्री कुशीवर वळून. लोकांच्या नातवंडांचे वाढदिवस, लोकांच्या जपानच्या सहली. कुणी कुणाच्या फोटोला हृदय दिलं आणि आपल्याला दिलं नाही, हे चौसष्टाव्या वर्षी तिला कळू लागलं होतं, आणि कळतंय याची लाजही वाटत होती.

वस्तीच्या केंद्रात बुधवारी रक्तदाब तपासायला जायची तिथल्या पोरसवदा नर्सने मागच्याच महिन्यात सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून सांगितलं होतं: "आजी, आजोबा, डोळ्यांना, झोपेला आणि मनाला, तिघांनाही सुट्टी लागते. एकवीस दिवस ते फोनमधलं सगळं बंद ठेवून बघा." तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, "मनाला सुट्टी दिली तर ते परत कामावर येईल का गं?" आणि रुइछिनच सगळ्यांत मोठ्यांदा हसली होती. गाडीतून उतरून घरी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. पायातली चप्पलही न काढता तिने खुर्चीवर टेकून फोटो पाठवायच्या ॲपचं चिन्ह दाबून धरलं. ते थरथरू लागलं. काढून टाकायचं का, असं फोनने विचारलं. तब्येतीसाठी, ती स्वतःशी म्हणाली. झोपेसाठी. आणि काढून टाकलं. मग उरलेला रिकामा फोन तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि डबा कपाटात.

पहिले तीन दिवस अंगठा ऐकेना. बसल्या जागी तो वरून खाली सरकायचा, मांडीवर, टेबलाच्या कडेवर. पाचला जाग यायची, गॅलरीत जाऊन ती ढग बघायची, आणि ढग चांगला असला की त्याचं काय करायचं ते कळायचं नाही. नुसता बघून सोडून द्यायचा? चौथ्या दिवसापासून तिने दुसराच खेळ सुरू केला. तो खेळ आहे हे ती कबूल करत नव्हती. आज कोण विचारेल? एकतीस जणांपैकी सकाळी कुणाच्या तरी लक्षात येईल, आज रुइछिनचं फूल आलं नाही. कुणीतरी म्हणेल, अगं फोन तर करून बघा. पोस्टातली मोठ्या आवाजाची हुई पाच मिनिटांवर राहते, सायकलने येईल. जिन्यात पावलं वाजली की ती हातातलं काम थांबवायची. पावलं दुसऱ्या मजल्यावर जायची, तिसऱ्या मजल्यावर जायची. चौथ्यावर तिचं एकटीचंच घर होतं.

सातव्या रात्री ती साडेनऊला झोपली आणि एकदम सकाळीच उठली. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. डोळ्यांची जळजळ गेली होती. पेज गरम असताना खाल्ली तर मुळ्याच्या लोणच्याचा आंबटपणा वेगळा लागतो, हे तिला आठवलं. नर्स खरं बोलत होती. बरं वाटत होतं. आणि बरं वाटतंय हे सांगायला कुणी नव्हतं. संध्याकाळी ती बंदराकडे चालत जायची, कठड्यावर बसायची, आणि मधेच छातीत असं काही व्हायचं की जणू कुणीतरी घरातलं सगळं सामान हलवून नेलंय आणि फरशीवर नुसते चौकोनी डाग उरलेत.

नवव्या दिवशी डब्यात फोन वाजला. पोयेन होता. तिने घाईने कपाट उघडलं. आला. नऊ दिवस लागले, पण आला.

"आई, माझं लहानपणीचं लशीचं कार्ड तिथे आहे का गं? पिवळं. इथे ऑफिसात मागतायत."

"असेल. बघते."

"फोटो काढून पाठव... नको, पोस्टानेच पाठव. मूळ हवंय त्यांना. बाकी बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"ते दिसतंच म्हणा. रोज बघतो ना तुझे फोटो. आजचाही छान होता."

ती कपाटाच्या दाराला टेकली. "आजचा?"

"हो. फुलं होती ना?"

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. पाळी सुरू व्हायची असेल. लहानपणी खोटं बोलताना तो नाक ओढायचा. आताही त्याने नाक ओढलं. "हो," ती म्हणाली, "फुलं होती." फोन ठेवल्यावर तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तो खोटं बोलला होता आणि मायेने बोलला होता. आईला बरं वाटावं म्हणूनच, आणि नेमकं हेच तिला कुठे ठेवावं ते कळेना. दुपारभर ती ते पिवळं कार्ड शोधत राहिली. सापडल्यावर त्यावरच्या तारखा वाचत बसली. सहा महिने, नऊ महिने, दीड वर्ष. दर वेळी त्याला छातीशी धरून तिनेच नेलं होतं, आणि सुई टोचली की तो आधी तिच्याकडे बघायचा, मग रडायचा.

तेराव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास जमीन हलली. हुआल्येनच्या माणसाला त्यात काही विशेष नाही. आधी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग कपबशा, मग भिंती. रुइछिनने सवयीने गॅस बंद केला, दार उघडून ठेवलं आणि चौकटीत उभी राहिली. या वेळी ते जरा लांबलं. देव्हाऱ्यातला थ्येनफूचा फोटो आडवा पडला. दिवे गेले. थांबलं तेव्हा ती चपला घालून खाली उतरली, तर समोरच्या छोट्या बागेत अर्धी गल्ली जमलेली होती आणि भूकंप किती तीव्रतेचा याची पैज सुरू झाली होती.

"साडेचार."

"हट्, पाचाच्या वर. माझी किटली पडली."

"तुझी किटली नवरा शिंकला तरी पडते."

"बघा बघा, फोनवर आलं असेल."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सगळ्यांचे अंगठे हलू लागले. या क्षणी पोस्टाच्या गटात काय चाललं असेल ते रुइछिनला न बघता दिसत होतं. 'हललं!' 'आमच्याकडे फार.' 'मी ठीक.' 'मीही ठीक.' एकाखाली एक, एकतीस ओळी. आज तीसच. तिसाव्या ओळीनंतर कुणी मोजेल का? दुसऱ्या मजल्यावरच्या त्सेंग आजी बाकावर बसल्या होत्या, पायात एकच चप्पल. त्यांनी तिला विचारलं, "तुझा नाही का गं फोन?" "आहे. वर आहे," ती म्हणाली आणि त्यांची दुसरी चप्पल जिन्यातून आणून दिली.

वर येऊन तिने डबा उघडला. फोनची बॅटरी संपलेली होती. चार्जरला लावला, तर वीज नव्हती. काळी काच हातात घेऊन ती पलंगाच्या कडेवर बसली. हळूहळू तिच्या मनात एक विचित्र गोष्ट आकार घेऊ लागली. वीज येईपर्यंत सगळे फोन करत असू शकतात. पोयेन कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन पुन्हा पुन्हा लावतोय. हुई लावतेय. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं लावतायत, आणि या काळ्या काचेवर आपटून परत जातायत. हे खोटं आहे असं आता कुणी सिद्ध करू शकत नव्हतं. अकरा वाजले. तिने फोटो सरळ केला, फुटलेली बशी गोळा केली. वीज येऊ नये असं तिला वाटू लागलं. आणखी थोडा वेळ. दुपारपर्यंत तरी.

बाराला जिन्यात पावलं वाजली. दुसरा मजला. तिसरा. पावलं थांबली, कुणीतरी धापा टाकत होतं, मग पुन्हा वर चढू लागली. उघड्या दारात युएश्या उभी राहिली. कपाळाला केस चिकटलेले, अंगात स्वयंपाकाचा अंगरखा तसाच, त्याच्यावर जाकीट.

"जिवंत आहेस," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "जिवंत आहेस आणि फोन उचलत नाहीस? नऊ वेळा लावला, नऊ वेळा! मला वाटलं कपाटाखाली सापडलीस. म्हाताऱ्या सासूला शेजारणीच्या गळ्यात घालून आलेय मी. गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या, दीड तास फलाटावर उभी. तुला काही आहे का?"

"बॅटरी संपली होती."

"बॅटरी संपली होती! आणि ते दुसरं? ते उघडलं मी फलाटावर, म्हटलं निदान तिथे काही लिहिलं असेल. शेवटचा फोटो कबरीच्या आदल्या दिवशीचा. तेरा दिवस! काय झालं होतं तुला?"

रुइछिनने पाण्याचा पेला पुढे केला. बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी शब्द बाहेर आले, आणि ते तिच्या आवाजात नव्हते, खूप लहान मुलीच्या आवाजात होते. "तू माझा आवाज बंद केला होतास. मी बघितलं."

युएश्या पाणी प्यायली. सगळा पेला संपवला. मग चपला काढून आत आली आणि फरशीवरच बसली.

"केला," ती म्हणाली. "सप्टेंबरात सासूबाईंना झटका आला, तेव्हा केला. पाच वाजता तुझं टिंग वाजायचं ताई. त्यांना रात्रभर झोप नसते, चारला कुठे डोळा लागायचा. टिंग वाजलं की उठायच्या आणि गाय शोधायला निघायच्या. थंडीत, अनवाणी. मी तुला कसं सांगू, की तू पाठवू नकोस? तुझं दुसरं काय आहे?"

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, ते निसटलं होतं. दोघींनी ते ऐकलं.

"उघडून तरी बघायचंस," रुइछिन म्हणाली.

"उघडलं की आकडा जातो ना. आज उघडला तर गेला बघ." युएश्या अंगरख्याच्या टोकाशी चाळा करत होती. "मी फोटो नव्हते बघत, खरं सांगते. सात वाजता पेज ढवळताना आकडा बघायचे. काल एकशे ऐंशी, आज एकशे एक्क्याऐंशी. वाढला. म्हणजे ताई उठली. तेवढंच."

खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. रुइछिनला वाटलं, इथेच थांबावं, याच्या पुढे विचारू नये. पण ती थांबली नाही.

"आणि वाढायचा थांबला, तेव्हा?"

युएश्याने वर बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते. रडून नव्हे, जागून. "सासूबाईंना ताप होता," ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही. नाही कळलं मला. आज जमीन हलली तेव्हा कळलं."

रुइछिनने शेवया केल्या. बारीक खारवलेल्या शेवया, तिळाचं तेल, आलं, एकेक अंडं. संकट टळलं की हेच खायचं असतं. युएश्याने दोन वाडगे खाल्ले. वाकून, भराभर, कुणी मधेच हाक मारेल अशा बेताने. आणि दुसरा वाडगा खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "जरा पडते. तीनला उठव. काहीही झालं तरी उठव, चार-वीसची गाडी आहे, शेजारीण सहापर्यंतच थांबणार आहे." ती रुइछिनच्या पलंगावर, थ्येनफू झोपायचा त्या बाजूला, आडवी झाली आणि डोकं टेकताच झोपली.

वीज दोनला आली. फोन जागा झाला, थोडा वेळ थरथरत राहिला आणि शांत झाला. नऊ फोन, सगळे युएश्याचे. पोयेनचा नव्हता. तो पाळीवर असणार, आत फोन नेता येत नाही, जमीन हलल्याचं त्याला संध्याकाळीच कळेल. हे खरंच होतं. हुईचाही नव्हता, एकतीस जणांपैकी कुणाचाच नव्हता. सकाळपासून जे हजार फोन आले असते ते सगळे एका मिनिटात नाहीसे झाले, आणि तिला वाटलं होतं तितकं त्याने काही कोसळलं नाही. कदाचित आतून श्वासाचा आवाज येत होता म्हणून. युएश्या तोंड उघडं टाकून झोपली होती, बारीक घोरत होती. घरात दुसरं माणूस झोपलेलं असलं की घराचं वजन वेगळं असतं. रुइछिन दारापाशी जमिनीवर बसली. लहानपणी या मुलीला तिनेच पाठीवर बांधून भाताच्या खाचरात नेलं होतं. मानेवर तिची लाळ ओघळायची. ही एवढी म्हातारी कधी झाली? तिच्या टाचांना भेगा होत्या, डाव्या हाताच्या अंगठ्याला कापडाची पट्टी होती, आणि ती पट्टी कशाची ते आपण विचारलं नव्हतं. सात महिने ही रात्री गायीमागे धावत होती, आणि आपण तिला काय पाठवत होतो? गरम पाणी प्या. पाठ ताठ ठेवा. तिची रात्र कशी गेली, असं एकाही सकाळी विचारलं नव्हतं.

तीन वाजले. रुइछिन उठली, पलंगाशी गेली, खांद्यावर हात ठेवण्यासाठी वाकली. हात खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला. बिचारी दमलीय, पाच मिनिटं. तीन-दहा. तीन-वीस. आता उठवलं तरी रिक्षाने पोचेल. पावणेचार. ती तिथेच उभी होती, आणि दमलीय म्हणून झोपू देतेय हे तिचं तिला पटत होतं, आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी हळूच पाय दुमडून बसलेलं होतं, तेही तिला दिसत होतं. चार-वीसला स्टेशनकडून भोंगा आला.

पावणेपाचला युएश्या जागी झाली. घड्याळ बघितलं. "ताई! मी म्हटलं होतं ना! काहीही झालं तरी, असं म्हटलं होतं!" ती एका हाताने जाकीट चढवत, दुसऱ्याने फोन कानाला लावत शेजारणीची मनधरणी करू लागली. माफ करा, साडेसातपर्यंत, हो, पेज ढवळून द्या, गायीचं विचारलं तर बांधली म्हणा. फोन ठेवून ती वळली. "मी झोपावं म्हणून थांबलीस ना? तुझं हे असंच असतं. समोरच्याचं भलं तूच ठरवणार."

"नाही," रुइछिन म्हणाली. "झोपावीस म्हणून नाही. तू जाऊ नयेस असं वाटत होतं म्हणून नाही उठवलं."

युएश्या एका पायात चप्पल घालून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं आणि गेलं ते संध्याकाळच्या उजेडात नीट दिसलं नाही. मग तिने दुसरी चप्पल घातली.

"मग तसं सांगायचं," ती म्हणाली. "सरळ सांगायचं. मी तरी कुठे सांगते म्हणा." ती जिना उतरू लागली. पहिल्या वळणावरून तिचा आवाज आला, "पाचला नको करूस. साडेसातला कर. आणि फोन कर, फुलं नकोत."

गॅलरीतून रुइछिनने तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं. युएश्या डावीकडे वळली आणि गेली. मागे बघितलं नाही, बघायला वेळच नव्हता. आत पलंगावरच्या चादरीला तिच्या अंगाची घडी पडलेली होती. रुइछिनने ती सरळ केली नाही. एकवीसपैकी आठ दिवस अजून उरले होते, आणि ते पुरे करायचे हे तिने तिथे उभ्या उभ्याच ठरवलं. तब्येतीसाठी असं या वेळी म्हणावं लागलं नाही. त्या एकतीस ओळींत तिला इतक्यात परत जायचं नव्हतं.

सहाला पोयेनची पाळी सुटते. सहा-दहाला तिने फोन लावला. इतक्या वर्षांत कामाशिवाय, काही हवं असल्याशिवाय, कुणी आजारी पडल्याशिवाय तिने त्याला कधी फोन केला नव्हता. त्याला त्रास होईल म्हणून. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि ठेवून द्यावं असं तिला दोनदा वाटलं.

"आई?" त्याला धाप लागली होती. मागे माणसांचा गलबला होता. "काय झालं? आत्ताच बघितलं बातम्यांत. लागलं का कुठे? पडलं का काही?"

"काही नाही झालं," ती म्हणाली. "एक बशी फुटली."

"मग?"

"मग काही नाही. काही झालं नाही तरी केलाय." तिने भिंतीला हात टेकला. "पोयेन, ते फोटो मी तेरा दिवस झाले टाकत नाही. बंद केलंय ते मी."

गलबला मागे पडत गेला. तो कुठेतरी बाजूला चालत गेला असावा. नाक ओढल्याचा आवाज आला नाही.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"नाही अजून. तू?"

"नाही."

शिन्चूचा वारा फोनमधे घुसून फडफडत होता. मधेच एखादी बस थांबल्याचा, दार उघडल्याचा आवाज येत होता. त्याची बस असेल. ती गेल्याचाही आवाज आला. त्याने फोन ठेवला नव्हता.